त्रिशलामातेचा शोक आणि हर्ष
कल्पसूत्राच्या चित्रांतील मानवी आकृती व भावदर्शन

पर्युषण महापर्वात श्री कल्पसूत्राचे वाचन सुरू झाले की उपाश्रयातील वातावरण पालटून जाते. पाचव्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, श्रमण भगवान महावीरांचे जन्मवाचन होते, चांदीची चौदा स्वप्ने उतरविली जातात, श्रीफळे वधारली जातात आणि सकल संघ आनंदात न्हाऊन निघतो. ज्या संघाच्या ज्ञानभांडारात सचित्र हस्तलिखित प्रत आहे, तेथे तिची पाने श्रावक-श्राविकांना दर्शनार्थ दाखविण्याचीही प्रथा आहे. सोन्याच्या वर्खाने झळाळणारी ती पाने पाहून हात आपोआप जोडले जातात. परंतु त्या पानांवर रेखाटलेली माणसे काय सांगत आहेत, त्यांच्या मनात काय चालले आहे, याचा विचार दर्शन घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या मनात येतो. वंदन होते, वाचन मात्र राहून जाते. या चित्रांतील मानवी आकृती आणि तिच्या द्वारे व्यक्त झालेला भाव कसा ओळखावा, याचा अल्पसा परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

ग्रंथ आणि त्याची चित्रपरंपरा

कल्पसूत्र हा श्वेतांबर परंपरेनुसार श्रुतकेवली भद्रबाहुस्वामींनी रचलेला ग्रंथ होय. दशाश्रुतस्कंधाचे ते आठवे अध्ययन असून जिनचरित्र, स्थविरावली आणि सामाचारी असे त्याचे तीन विभाग आहेत. अर्धमागधी भाषेतील या ग्रंथाचे सार्वजनिक वाचन प्रथम आनंदपूर, म्हणजे आजच्या गुजरातमधील वडनगर येथे, पुत्रवियोगाने व्याकुळ झालेल्या ध्रुवसेन राजाचे सांत्वन करण्यासाठी झाले, असे परंपरा सांगते. म्हणजे ज्या ग्रंथाच्या श्रवणाने आज उत्सव साजरा होतो, त्याच्या जाहीर वाचनाचा आरंभच एका पित्याच्या दुःखापासून झाला, असे परंपरा मानते. ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानी ठेवण्यासारखी आहे.

जैन ग्रंथचित्रांचे सर्वांत प्राचीन दिनांकित उदाहरण जैसलमेरच्या भांडारातील इ. स. १०६० च्या ताडपत्री प्रतीत आढळते. ताडपत्राची उंची जेमतेम तीन बोटे, त्यामुळे चित्रकाराला अगदी लहानशा चौकटीत काम भागवावे लागे. चौदाव्या शतकात कागदाचा वापर वाढला, पान उंच झाले, चित्राला ऐसपैस जागा मिळाली. लाल पार्श्वभूमीच्या जोडीला पंधराव्या शतकात गडद निळा रंग आणि सोने आले. इ. स. १४३९ मध्ये मांडू येथे तयार झालेली प्रत आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. इ. स. १४६५ मध्ये जौनपूर येथे सुवर्णाक्षरांत लिहिली गेलेली प्रत बडोद्याच्या ज्ञानमंदिरात आहे आणि ती हर्षिणी नावाच्या श्राविकेने करवून घेतली होती. अशा प्रतींच्या अखेरीस असलेल्या प्रशस्तींतून व्यापारी श्रावकांची आणि त्यांच्या कुटुंबांतील स्त्रियांची नावे आढळतात. व्यापारात मिळविलेले धन ज्ञानदानात लावणारे हे पूर्वज होत.

समीक्षकांचा आक्षेप

विसाव्या शतकाच्या आरंभी कलासमीक्षकांचे लक्ष या चित्रांकडे वळले. इ. स. १९२४ मध्ये डॉ. आनंद कुमारस्वामी यांनी बोस्टन येथील संग्रहातील जैन चित्रांची सूची प्रसिद्ध केली. इ. स. १९३४ मध्ये डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांनी कल्पसूत्राच्या चित्रांतील एकेका प्रसंगाचे वर्णन करणारा ग्रंथ वॉशिंग्टनहून प्रकाशित केला. अहमदाबादचे साराभाई नवाब यांचा ‘जैन चित्रकल्पद्रुम’ इ. स. १९३६ मध्ये, तर मुंबईच्या तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजेच आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे संचालकपद भूषविलेले डॉ. मोतीचंद्र यांचा पश्चिम भारतातील जैन लघुचित्रांवरील ग्रंथ इ. स. १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. या विद्वानांच्या परिश्रमांमुळे या कलेला इतिहासात स्थान मिळाले.

तथापि एक आक्षेप वारंवार घेतला गेला. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत करुणेने ओथंबलेले चेहरे दिसतात, राजस्थानी व पहाडी चित्रांत विरहिणीचे नेत्र बोलतात. जैन पोथ्यांतील माणसे मात्र एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसतात. टोकदार नाक, दुहेरी हनुवटी, ताठ छाती, कृश कटी आणि गालाच्या रेषेबाहेर अधांतरी आलेला पलीकडचा डोळा. राजा असो, दासी असो वा साधू असो, मुद्रा तीच. सुखात तीच, दुःखातही तीच. मग अशा चित्रांत भाव शोधावा तरी कोठे?

त्या बाहेर आलेल्या डोळ्याचे मूळ शोधताना अभ्यासक महाराष्ट्रातच येऊन पोहोचतात. वेरूळ येथील कैलास लेणे आणि इंद्रसभा या नावाने प्रसिद्ध असलेले जैन लेणे यांतील चित्रावशेषांत अजिंठ्याची गोलाई ओसरून चेहरा कोनदार होऊ लागल्याचे, नाक अणकुचीदार आणि नेत्र बाहेर झुकू लागल्याचे दिसते. तीन-चतुर्थांश वळलेल्या चेहऱ्याचा पलीकडचा गाल कालांतराने लोपला, पण डोळा मात्र राहिला. कित्येकांच्या मते श्वेतांबर जिनमूर्तींना बसविण्यात येणाऱ्या चक्षूंचाही हा प्रभाव असावा. कारण कोणतेही असो, सुमारे पाच शतके चित्रकारांनी हा डोळा सोडला नाही. एवढा दीर्घकाळ टिकलेली रीत हाताला वळण नसल्यामुळे टिकत नाही. पाहणाऱ्यालाही ती मान्य असावी लागते.

गर्भातील स्थैर्य आणि मातेचा शोक

या चित्रांतील भाव ओळखण्याची किल्ली एका प्रसंगात सापडते. भगवान महावीर त्रिशलामातेच्या उदरात असताना, आपल्या हालचालीने मातेस पीडा होऊ नये या अनुकंपेने ते निश्चल झाले. अंगाचे स्पंदनही थांबले. मातेला मात्र त्या निश्चलतेचा अर्थ वेगळाच लागला. माझा गर्भ हरण तर झाला नाही ना, तो गळाला तर नाही ना, पूर्वी हालत होता तो आता का हालत नाही, या चिंतेने ती शोकसागरात बुडाली. तळहातावर मुख टेकवून आणि दृष्टी भूमीवर लावून ती बसली, असे सूत्रकार सांगतात. सिद्धार्थ राजाच्या प्रासादातील मृदंग, वीणा, नृत्य सारे थांबले आणि राजभवन उदास झाले.

भगवंतांनी अवधिज्ञानाने हे जाणले आणि शरीराचा केवळ एक अंश किंचित हालविला. त्याबरोबर मातेचा शोक मावळला आणि ती हर्षभरित झाली. त्याच वेळी, माता-पिता जीवित असेपर्यंत आपण दीक्षा घेणार नाही, असा अभिग्रह भगवंतांनी गर्भावस्थेतच केला. पुढे त्यांच्या स्वर्गवासानंतर, वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांनी संसारत्याग केला, हे सर्वश्रुत आहे.

या प्रसंगाचे गांभीर्य मोठे आहे. दुसऱ्यास पीडा होऊ नये म्हणून केलेली कृतीही, तिचा हेतू न कळल्यास, पीडेचे कारण होऊ शकते. अहिंसेचा एवढा सूक्ष्म विचार ग्रंथाने एका मातेच्या मनाच्या आधारे मांडला आहे. म्हणूनच सचित्र प्रतींत त्रिशलेचा शोक आणि त्रिशलेचा हर्ष या दोन प्रसंगांना जोडीने स्थान मिळत आले.

हात बोलतो

आता ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. दोन्हींत त्रिशलामाता आसनावर बसलेली आहे, दोन्हींत सभोवती दासी वा सख्या आहेत, दोन्हींत मुखाचे रेखाटन तेच आहे. डोळे तेवढेच विशाल, बुबुळ तसेच मध्यभागी, ओठांची रेषा तशीच. सूत्रात दृष्टी भूमीवर लावल्याचा उल्लेख असूनही चित्रकाराने पापणी खाली उतरविलेली नाही. केवळ मुखाकडे पाहणाऱ्याला शोक कोणता आणि हर्ष कोणता, हे सांगता येणार नाही.

दृष्टी मुखावरून हाताकडे वळविली की चित्र उलगडते. शोकाच्या चित्रात हात गालाशी वा मस्तकाशी गेलेला असतो. सूत्रातील तळहातावर टेकलेले मुख ते हेच. मस्तकाचा भार हातावर आला की सगळ्या देहाची रेषा आत वळते. समोरच्या सखीचा उंचावलेला हात समजूत घालीत असतो, विचारपूस करीत असतो. हर्षाच्या चित्रात तोच हात गालापासून सुटतो, मोकळा होतो, पुढे येतो. देह ताठ होतो, सख्यांचे हातही त्याला प्रतिसाद देतात. भाव येथे मुखावरून उतरून हातात, मानेत आणि दोन आकृतींमधील अंतरात वसलेला आहे.

असे का झाले असावे, हे या प्रती तयार होण्याची पद्धत पाहिली म्हणजे समजते. लेखक, म्हणजे लहिया, आधी मजकूर लिही आणि चित्रासाठी चौकट कोरी सोडी. पानाच्या समासात प्रसंगाचे नाव किंवा एखादे छोटेसे रेखाटन चित्रकारासाठी खुणेदाखल केलेले असे. अशा खुणा अनेक प्रतींत आजही दिसतात. चित्रकाराने प्राकृत मजकूर वाचलाच पाहिजे, अशी आवश्यकता नव्हती. त्याला परंपरेने ठरलेली आकृती ठाऊक असे. बोटभर उंचीच्या चेहऱ्यावर अश्रू दाखविण्यापेक्षा हाताची ठरलेली ठेवण दुरूनही ओळखू येई आणि व्याख्यानात पान दाखविले जात असताना मागे बसलेल्या श्राविकेलाही प्रसंग कळे. अभिनयात हस्तमुद्रेचे जे स्थान आहे, तेच येथे आहे.

चौदा स्वप्नांच्या चित्राचेही असेच आहे. शय्येवर पहुडलेल्या मातेचे डोळे सताड उघडे दिसतात. निजलेल्या व्यक्तीचे डोळे उघडे कसे, असा प्रश्न पाहणाऱ्यास पडतो. पण सूत्रात माता गाढ निद्रेत नव्हती आणि पूर्ण जागीही नव्हती, ती अर्धवट निद्रेत होती, असेच वर्णन आहे. शैलीचा उघडा डोळा आणि सूत्रातील सुप्त-जागृत अवस्था यांचा येथे सहजच मेळ बसतो.

वस्त्रांची साक्ष

या चित्रांत मुख एकसारखे असले तरी वस्त्रे एकसारखी नाहीत. दोन पाने समोर ठेवली तर धोतरांचे, ओढण्यांचे, चोळ्यांचे आणि शय्येवरील आच्छादनांचे नक्षीप्रकार मोजता मोजता दमछाक व्हावी. हंसांच्या रांगा, कमळे, वेलबुट्टी, चौकडी, ठिपके असे नाना प्रकार. ही नक्षी चित्रकाराच्या कल्पनेतील नाही. इजिप्तमधील फुस्तात येथे उत्खननात सापडलेल्या, गुजरातमधून निर्यात झालेल्या ठसेछपाईच्या सुती कापडाच्या तुकड्यांवर अशाच धर्तीची नक्षी आढळली आहे. जे कापड पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून गलबतांवर चढत होते, तेच त्रिशलामातेच्या अंगावर रंगविले जात होते.

वस्त्रांचाही भावदर्शनात वाटा आहे. ओढणीचे पारदर्शक टोक अंगाला न चिकटता ताठ, कोनदार उभे राहते आणि देहाच्या हालचालीला जोर देते. राजाच्या अंगावर नक्षी आणि अलंकार यांची दाटी. साधूच्या अंगावर एकच शुभ्र वस्त्र. दीक्षाप्रसंगीच्या चित्रात हा फरक अर्थपूर्ण होतो. अलंकार उतरले आहेत, अशोकवृक्षाखाली भगवान एका हाताने पंचमुष्टी लोच करीत आहेत आणि शक्रेंद्र ते केश झेलण्यासाठी हात पुढे करून बसला आहे. त्याग हा शब्द चित्रात लिहिता येत नाही. उतरलेली वस्त्रे तो सांगतात.

रस आणि वीतरागता

जैन आगमांना भावांचे वावडे नाही. अनुयोगद्वारसूत्रात नऊ काव्यरस सांगितले आहेत आणि त्यांची सुरुवात शृंगाराने न होता वीररसाने होते. भयानकाच्या जागी तेथे व्रीडनक, म्हणजे लज्जेचा रस आहे, आणि प्रशांत रसाचाही त्यात समावेश आहे. त्याग आणि तप यांतील शौर्य अग्रभागी आणि प्रशांतता शेवटी, हा क्रम जैन दृष्टीचा द्योतक होय.

चित्रकारांनी हीच दृष्टी आकृतींतून राखलेली दिसते. संसारी माणसे वळलेली, एकमेकांशी बोलणारी, हात हालविणारी आहेत. ध्यानस्थ जिनमूर्ती मात्र समोरून, दोन्ही बाजू सम राखून रेखाटली जाते. तिचे दोन्ही नेत्र मुखाच्या आत आहेत. उपसर्गांच्या चित्रात भगवान कायोत्सर्गात उभे असतात. एका बाजूस गोवाळ कानात शलाका ठोकत असतो, दुसरीकडे पशू, सर्प आणि दुष्ट देव छळ मांडतात. सगळी गती, सगळा क्षोभ त्यांच्या आकृतींत आहे. मध्यभागी उभ्या देहात कणभरही वाक नाही. तेथे भाव दाखविलेला नाही, असे म्हणणे म्हणजे चित्र उलटे वाचणे होय. वीतरागाच्या मुखावर वेदना काढली असती तर चित्र अधिक परिणामकारक दिसले असते, परंतु ते खोटे ठरले असते.

येथे एक शंका येऊ शकेल. मुखे सर्वांचीच निर्विकार आहेत, मग वीतरागाचे वेगळेपण ते काय? उत्तर पुन्हा हाताकडेच नेते. त्रिशलेचे मुख स्थिर आहे, पण हात अस्वस्थ आहे. भगवंतांचे मुख स्थिर आहे आणि हातही स्थिर आहेत. चित्रकाराने मुखाची भाषा बाजूला ठेवली म्हणून हा फरक एवढा स्वच्छ दिसतो.

परक्यांची मुखे

चित्रकारांना दुसऱ्या प्रकारचे मुख काढता येत नव्हते, हा समज कालकाचार्य कथेच्या चित्रांनी खोटा ठरतो. कल्पसूत्राच्या जोडीने ही कथा लिहिली जाई. उज्जयिनीच्या गर्दभिल्ल राजाने साध्वी सरस्वतीचे अपहरण केले, तेव्हा तिचे बंधू कालकाचार्य यांनी शक शाहींच्या साहाय्याने तिची सुटका केली. या चित्रांतील शाहींचे चेहरे निराळेच आहेत. रुंद मुख, बारीक डोळे, दाढी, अंगात लांब झगे, आणि पलीकडचा डोळा मुखाच्या आतच. म्हणजे बाहेर आलेला डोळा ही आपल्या माणसांची खूण म्हणून जाणीवपूर्वक राखलेली होती.

याच कालकाचार्यांचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. प्रतिष्ठान, म्हणजे पैठण येथे, सातवाहन राजाच्या विनंतीवरून त्यांनी इंद्रमहोत्सवाच्या पंचमीऐवजी भाद्रपद शुद्ध चतुर्थीस पर्युषण केले, अशी कथा आहे. आज अनेक संघांत चतुर्थीस संवत्सरी होते, तिचा उगम गोदाकाठी सांगितला जातो.

उस्ताद शालिवाहनाचे पत्र

काळ पालटला तशी चित्राची भाषाही पालटली. बादशहा जहांगीर याने पर्युषणाच्या दिवसांत जीवहत्येस मनाई करणारे फर्मान काढले. त्या प्रसंगाचे निवेदन करणारे विज्ञप्तिपत्र आग्रा संघाने आचार्य श्री विजयसेनसूरीश्वरजींना पाठविले. इ. स. १६१० मधील या सचित्र पत्राचे चित्रकार होते उस्ताद शालिवाहन. ते अहमदाबादच्या लालभाई दलपतभाई संस्थेच्या संग्रहात जतन केलेले आहे. त्यात बादशहाचा दरबार आहे, फर्मानाची वार्ता आहे, गुरुवंदनास निघालेले श्रावक आहेत. बाहेर आलेला डोळा येथे नाही. प्रत्येक चेहरा निराळा. कोणी वृद्ध, कोणी स्थूल, कोणी उत्सुक. शालिवाहन हे बादशाही चित्रकार असून त्या वेळी त्यांनी जसे पाहिले तसाच भाव यात ठेवला आहे, अशा आशयाची नोंद खुद्द पत्रातच आहे.

‘भाव’ हा शब्द तेथे मुद्दाम योजला आहे. अनेक मुक्या जीवांना अभय मिळाल्याची ती वार्ता होती आणि ती ऐकून लोकांच्या मुखावर काय उमटले, हे दूरच्या आचार्यांना कळावे, ही संघाची इच्छा होती. त्रिशलेच्या चित्राचे प्रयोजन नित्याचे सत्य सांगण्याचे होते, विज्ञप्तिपत्राचे प्रयोजन घडलेल्या दिवसाची साक्ष देण्याचे. एकाने हात बोलका केला, दुसऱ्याने चेहरा. एकास कच्चे आणि दुसऱ्यास पक्के ठरविण्यापेक्षा दोघांचे प्रयोजन ओळखणे अधिक न्याय्य होय.

सुटी पाने आणि सुटलेला अर्थ

या सर्व विवेचनात एक वेदना दडलेली आहे. गेल्या शतकात अनेक सचित्र प्रती फुटल्या. एकेक पान वेगळे होऊन देशोदेशीच्या संग्रहांत गेले. शोकाचे पान एका गावी आणि हर्षाचे दुसऱ्या खंडात, अशी ताटातूट झाली की हातावर मुख टेकलेली एक स्त्री तेवढी उरते. ती कोण, तिला दुःख कशाचे, ते कसे मावळले आणि त्यातून कोणता अभिग्रह जन्मला, हे ते पान सांगू शकत नाही. किंमत सोन्याच्या वर्खाची होते, अर्थ मात्र हरवतो.

आगमप्रभाकर मुनिश्री पुण्यविजयजी (१८९५–१९७१) यांनी पाटण, जैसलमेर आदी भांडारांतील प्रतींची सूची करण्यासाठी आयुष्य वेचले. इ. स. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी चित्रे आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी मौल्यवान हस्तलिखिते यांना संरक्षण मिळाले. इ. स. २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झाले आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ या नावाने या कार्याच्या विस्ताराची घोषणा झाली. कायदे आणि योजना आपल्या जागी आहेत. परंतु कपाटाची किल्ली संघाच्या विश्वस्तांच्या हाती असते. प्रतीतील पानांची मोजणी, प्रत्येक चित्राखाली कोणता प्रसंग आहे याची नोंद, छायाचित्रण, वाळवीपासून आणि दमटपणापासून रक्षण, एवढी कामे कोणत्याही गावच्या संघाला करता येण्याजोगी आहेत.

ज्ञानपंचमीस पोथ्यांची पूजा होते, वासक्षेप वाहिला जातो. त्या दिवशी पोथी उघडून एखाद्या ज्येष्ठाने घरातील मुलांना त्रिशलामातेचा तो हात दाखवावा, आधी गालावर टेकलेला आणि मग मोकळा झालेला. मातेच्या एका उसाशासाठी ज्यांनी आपली दीक्षा लांबविली, त्या करुणासागराचे चरित्र एवढ्या लहान चित्रात सामावलेले आहे, हे मुलांना कळले, तर पाच-सहा शतकांपूर्वी ती प्रत लिहवून घेणाऱ्या श्रावक-श्राविकांचे ज्ञानदान आजही फळत आहे, असे म्हणता येईल.